४५ डिग्रीत गॉब्लिन कसा रंगवायचा

मिनिएचर पेंटिंगचा, म्हणजे टेबलावरच्या खेळातल्या छोट्या मूर्ती रंगवायचा, कुठलाही व्हिडिओ लावा, त्यात एक दाढीवाला शांत माणूस असतो आणि तो कधी ना कधी म्हणतोच की आता हा वॉश (खाचांत सावली पाडायचा पातळ रंग) वाळायला अर्धा तास लागेल, तोवर मस्त चहा घेऊन या. आमच्या जळगावात मे महिन्यात आधण ठेवेपर्यंत वॉश वाळून मोकळा होतो, आणि नुसता वाळत नाही तर कडेकडेने डाग धरून वाळतो, म्हणजे गॉब्लिनच्या (गोष्टीतला छोटा राक्षस) गालाखाली सावली पडायच्या ऐवजी बिचाऱ्याला वांग आल्यासारखं दिसतं.

दोष त्या माणसाचा नाही, तो त्याच्या परदेशातल्या थंड हवेत बरोबरच सांगतोय. पण आपल्याकडची जी पोरं हे करतात (जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव धरून आता बऱ्यापैकी झालीत, त्यात एक-दोन पोरीपण आहेत आणि त्या आमच्यापेक्षा भारी रंगवतात) त्यांना वाटतं आपला हातच खराब आहे, मग वाटतं ब्रश खराब आहे, मग अजून महागाचे रंग मागवतात आणि तेही तसेच वाळतात. अरे भावा, हात नाही, हवा! म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं लिहून काढू, खान्देशात मिनी रंगवायच्या तर काय काय वेगळं करावं लागतं.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. टेबलावर खेळायचे फॅन्टसी गेम असतात, डन्जन्स अँड ड्रॅगन्स आलं १९७४ ला अमेरिकेत, वॉरहॅमर आलं १९८३ ला इंग्लंडात, ते बनवणारी कंपनी नॉटिंगहॅमची. त्यात आपली पात्रं, राक्षस, सैन्य म्हणून छोट्या मूर्ती मांडतात, माणूस साधारण २८ ते ३२ मिलिमीटरचा. पूर्वी शिशाच्या यायच्या, मग शिसं विषारी म्हणून कथलाच्या मिश्रधातूच्या आल्या, आता बहुतेक प्लास्टिक नाहीतर रेझिन. बिनरंगाच्या येतात, बऱ्याचदा तुकड्यांत येतात, जोडायचं पण आपण आणि रंगवायचं पण आपणच. डोकं आणि पंजे मुद्दाम मोठे ठेवलेले असतात, लांबून ओळखू यावेत म्हणून. बास एवढंच. आई याला बाहुल्या म्हणते, आप्पा "ते तुझं काय ते" म्हणतात, दोन्ही चालतं.

आता हवेचं. आपण वापरतो तो ॲक्रिलिक रंग म्हणजे पाणी, त्यात रंगाची पूड आणि प्लास्टिकचे अतिबारीक कण. पाणी उडालं की ते कण एकमेकांना चिकटतात आणि पापुद्रा तयार होतो, आणि एकदा पापुद्रा झाला की वरून पाणी घालून तो परत रंग होत नाही. म्हणजे सगळा खेळ पाणी किती वेळात उडतं याचा. तिकडे खोलीत वीस डिग्री आणि हवेत ओल, इकडे दुपारी पारा ४३-४५, हवा पार कोरडी आणि डोक्यावर पंखा फुल. ब्रश रंगात बुडवून मूर्तीपर्यंत आणेस्तोवर टोकावरचा रंग अर्धा सुकलेला असतो, तो खडबडीत बसतो, मग आपल्याला वाटतं रंग जाड झाला म्हणून अजून पाणी घालतो, आणि मग तो खाचाखोचांतून वाहून बुटापर्यंत जातो.

याला पहिला इलाज वेट पॅलेट, आणि कृपा करून ते विकत घेऊ नका. मिठाईचा चपटा प्लास्टिकचा डबा घ्या ज्याचं झाकण घट्ट बसतं, त्यात भांडी घासायचा नवा पातळ स्पंज मापात कापून ठेवा, त्याला पाणी पाजा आणि वर बटर पेपर पसरा. रंग त्या कागदावर काढायचा, खालून ओल मिळत राहते आणि रंग जिवंत राहतो. फक्त बटर पेपर मागताना सांभाळा कारण स्टेशनरीवाला तुम्हाला ड्रॉइंगवाला देईल, तो भिजला की गोळा होतो, आपल्याला केकखाली घालतात तो पाहिजे, तो बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळतो. उन्हाळ्यात स्पंजला रोज पाणी घालावं लागतं आणि चार दिवसांत वास मारायला लागतो, त्यासाठी लोक डब्यात तांब्याचं नाणं टाकतात, मी मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून तांब्याच्या तारेचा तुकडा आणला. आपल्याकडे शेतातल्या मोटरींच्या कृपेने रिवाइंडिंगवाला दर गल्लीत आहे आणि तुकड्याचे पैसेपण घेत नाही, वर विचारतो "कसली मोटर आहे?", काय सांगणार.

दुसरा इलाज कूलर. हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत कारण त्यांच्याकडे कूलरच नाही. एसी हवा थंड करतो पण त्यातली ओल काढून घेतो, आपला पत्र्याचा कूलर मात्र हवेत पाणी घालतो, म्हणून एसीच्या खोलीपेक्षा कूलरच्या खोलीत रंग जास्त वेळ ओला राहतो. हा फरक खरंच कळतो. बस कूलरच्या झोतात बसायचं नाही, टेबल भिंतीच्या आड घ्यायचं, हवा अंगावरून न जाता खोलीत फिरली पाहिजे. आणि पंखा बंद. हो माहितीये, मे महिन्यात पंखा बंद म्हणजे घरातले तुम्हाला वेडा म्हणणार, म्हणून मी उन्हाळ्यात रात्री जेवणं झाल्यावर, सगळे गच्चीवर झोपायला गेले की बसतो, तेव्हा कूलर माझ्या एकट्याचा असतो.

रिटार्डर नावाची बाटलीपण मिळते, रंग उशिरा वाळावा म्हणून, चालतं ते, पण ब्रशच्या टोकावर येईल एवढंच घ्यायचं, जास्त झालं की रंग वाळतच नाही, दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर चिकट लागतो आणि त्यावर खान्देशातली धूळ बसते, जी कुठूनही येते, दारं-खिडक्या लावल्या तरी येते. वॉशला तर मी वेगळीच पद्धत ठेवलीय. आख्ख्या मूर्तीवर एकदम फासायचा नाही. आधी पाय, मग अंगरखा, मग तोंड, असे भाग पाडायचे, प्रत्येक भाग आधी साध्या मीडियमने (म्हणजे पूड नसलेला, बिनरंगाचा रंग) किंचित ओलसर करायचा आणि त्या ओलीवर वॉश सोडायचा, मग जिथे साचतो तिथून कोरड्या ब्रशने टिपून घ्यायचा. वॉशचं काम काय तर खाचेत जाऊन बसणं आणि उंचवटा सोडणं, त्याला तिथे जायला थोडा वेळ तर दिला पाहिजे ना.

स्प्रे प्रायमरचा विषय यापेक्षा बिकट. प्रायमर म्हणजे रंग धरायला खालचा थर, तो नसेल तर ॲक्रिलिक प्लास्टिकवरून नखाने निघतं. डब्यातून स्प्रे मारला की बारीक थेंब उडतात आणि आपल्याकडच्या उन्हात ते मूर्तीपर्यंत पोचायच्या आतच हवेत वाळतात, मग मूर्तीवर रंग नाही, पूड बसते, हात फिरवला तर बारीक पॉलिश पेपर. त्याच्यावर काहीही रंगवा, चेहरा देवी आल्यासारखा दिसणार. म्हणून उन्हाळ्यात प्रायमर फक्त सकाळी, सूर्य वर यायच्या आत, साडेपाच-सहाला, आणि लांबून नाही तर वीतभर अंतरावरून, छोटे छोटे फवारे, हात सतत हलता. तो डबा काम झाल्यावर लगेच खाली आणायचा, त्याच्यावर लिहिलेलं असतं ५० डिग्रीच्या वर ठेवू नका, आणि आपली गच्चीची लादी मेमध्ये दुपारी त्याच्यावर सहज जाते. ज्यांना पहाटे उठणं जमत नाही त्यांनी ब्रशने लावायचा प्रायमर घ्यावा, दोन पातळ हात मारावेत, विषय संपला.

पण प्रायमिंगमधली एक गोष्ट आपल्याकडे तिकडच्यापेक्षा भारी आहे आणि ही मला सांगायचीच होती. झेनिथल प्रायमिंग म्हणून प्रकार असतो. आधी सगळीकडून काळा मारायचा, मग फक्त वरून पांढरा, म्हणजे सूर्य डोक्यावर असताना जिथे उजेड पडला असता तिथे पांढरं आणि जिथे सावली तिथे काळं राहतं, वरून पातळ रंग दिला की छटा आपोआप येतात. आता गंमत बघा, जळगाव साधारण २१ अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या खाली, म्हणून आपल्याकडे वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य खरोखर बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली गायब होते, शून्य सावलीचा दिवस, एकदा २५ मेच्या आसपास आणि परत जुलैच्या मध्यानंतर (तेव्हा ढग असतात, दिसतंय कुठे). नॉटिंगहॅम ५३ अक्षांशावर. तिथे २१ जूनलासुद्धा सूर्य साठ अंशांच्या जरासा वर जातो आणि तिथूनच परत फिरतो. म्हणजे आख्खी टेक्निक ज्या उजेडावर उभी आहे तो उजेड तिथल्या माणसाला स्वतःच्या अंगणात कधी दिसतच नाही, आणि आपल्याला फुकट दिसतो, वर घाम येतो म्हणून आपण घरात पळतो.

तर मी त्या आठवड्यात राखाडी प्रायमर मारलेली मूर्ती गच्चीवर नेतो, साडेबाराच्या जरा आधी, कारण जळगावचा सूर्य घड्याळातल्या बाराला माथ्यावर येत नाही, वीस-पंचवीस मिनिटं उशिरा येतो. कठड्यावर ठेवून चारी बाजूंनी मोबाइलने फोटो काढायचे आणि पळत खाली. ते फोटो पुढे वर्षभर कामाला येतात. त्यात दिसतं की भुवईचा कंगोरा आणि नाकाचा शेंडा लख्ख, डोळ्यांच्या खोबण्या पूर्ण काळ्या, खालचा ओठ उजळ आणि वरचा काळपट, खांदे पेटल्यासारखे आणि पोटाखाली काहीच नाही. आपण घरी बसून मनाने सावल्या मारतो तेव्हा डोळे नेहमी जास्त उजळ करतो कारण आपल्याला डोळे बघायचे असतात, ऊन तसं काही करत नाही. ज्याला गॉब्लिन वाळवंटात उभा दाखवायचाय त्याने हे एकदा करून बघाच.

पावसाळ्यात उलटं दुखणं. रंग छान ओला राहतो, जुलै-ऑगस्टमध्ये बारीक काम मस्त होतं, पण शेवटचा मॅट वार्निशचा स्प्रे मारायचा नाही म्हणजे नाही. हवेत ओल जास्त असली की वार्निश वाळताना पांढुरकं धुकं धरतं, काळा अंगरखा भस्म फासल्यासारखा होतो. पोळा होऊ द्या, गणपती जाऊ द्या, दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की एकदम सगळ्या मूर्तींना वार्निश मारा. तोवर हात न लावता डब्यात, आणि भाचे मंडळी आली की डबा कपाटावर. हिवाळा म्हणाल तर काय, राजा सीझन. धुळ्याला पहाटे पारा सहा-सातला उतरतो पण दुपारी खोलीत पंचवीस डिग्री, ऊन कोवळं, ना रंग पळतो ना वार्निश रुसतं. माझं सगळं चांगलं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतलं आहे, ते माझ्यामुळे आहे असं मी पाहुण्यांना सांगतो.

सामानाचं लिहिलं नाही तर लोक विचारतात. बाहेरचे रंग चांगलेच आहेत, वाद नाही, पूड बारीक दळलेली असते त्यामुळे पातळ थरातही झाकतात, आपल्या शाळेच्या ॲक्रिलिकची पूड जाडी असते आणि ते पातळ केलं की फाटतं. पण बेस (मूर्ती जिच्यावर उभी असते ती चकती), दगड, लाकूड, चामडं, घोडा, असल्या मोठ्या भागांना आपलं साधं ॲक्रिलिक एकदम चालतं, महागडं फक्त तोंडाला आणि कपड्यांना. मेटॅलिक मात्र चांगलंच घ्या, स्वस्तातल्या सोनेरीत चमकीचे कण एवढे मोठे असतात की तलवारीवर टिकल्या मारल्यासारखं होतं. भेगा बुजवायला, शेपूट वाढवायला एम-सील, ओल्या बोटाने गुळगुळीत होतं आणि नळाच्या दुकानात मिळतं. ब्रशमध्ये साइबेरियन कोलिन्स्की नावाच्या प्राण्याच्या केसांचा सगळ्यात नावाजलेला, टोक धरून ठेवतो, पण मी उन्हाळ्यात सिंथेटिकच वापरतो कारण टोकावर सुकलेला रंग केसांच्या मुळाशी गेला की ब्रश मेला, तो महागाचा मेलेला बघवत नाही. आणि कुणी मुंगसाच्या केसांचा ब्रश देऊ केला तर घेऊ नका, वन्यजीव कायद्याने त्यावर बंदी आहे, विकणारा आणि घेणारा दोघंही अडकतात.

हत्यारांसाठी तर जळगावसारखं गाव नाही. सोन्याचं गाव ना हे! सराफ बाजाराच्या आजूबाजूला कारागिरांच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे बारीक कानशींचा सेट, टोकदार चिमटे, हाताने फिरवायचं इटुकलं ड्रिल, डोळ्याला लावायचं भिंग, सगळं मिळतं, आणि ऑनलाइन हेच सामान हॉबी टूल असं नाव लावून दुप्पट भावाने विकतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानदार काकांनी विचारलं "कोणत्या पेढीवर बसतोस रे भाऊ?" मी खिशातला बुटका ड्वार्फ काढून दाखवला. त्यांनी तो भिंगाखाली धरला, फिरवला, आणि म्हणाले दाढीचं काम छान आहे पण कुऱ्हाडीला कास्टिंगची रेघ राहिलीय ती आधी घास. बरोबर होतं त्यांचं. मोल्डच्या दोन भागांची रेघ राहतेच, ती रंगवायच्या आधी घासावी लागते, सोनारालाही ओतकामात तेच करावं लागतं.

डोळे. सगळ्यात जास्त लोक इथेच हात टेकतात. २८ मिलिमीटरच्या माणसाचा डोळा म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर, त्यात पांढरं, त्यात बुबुळ. व्हिडिओ बघून मला ते कधी नीट कळलं नाही, कळलं ते गणपतीच्या कारखान्यात. आमच्या घराकडून जाताना एक शेड लागतं, उन्हाळ्यापासून तिथे मूर्ती उभ्या राहतात, कंप्रेसरची गन घेऊन पोरं बॉडी कलर मारतात, पितांबर, दागिने वेगवेगळी माणसं करतात, पण डोळ्यांच्या आखणीला एकच म्हातारे काका. ते सकाळीच बसतात, दुपारनंतर डोळे करत नाहीत, म्हणतात डोळा थकला की डोळा चुकतो. मी जाऊन बसायचो तिथे नुसता बघत. त्यांची करंगळी कायम मूर्तीच्या गालावर टेकलेली, म्हणजे मूर्ती हलली तरी हात तिच्यासोबत हलतो. श्वास सोडता सोडता रेघ ओढतात, श्वास रोखून नाही, रोखला की छातीत ठोके जाणवतात आणि ते टोकापर्यंत येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते आधी अवघड बाजूचा डोळा करतात, उजव्या हाताने करताना जो अडचणीचा पडतो तो, आणि मग सोपा त्याला जुळवतात. बहुतेक लोक सोपा आधी सुंदर करून ठेवतात आणि मग दुसरा जुळत नाही म्हणून रडतात.

मी एकदा माझी एल्फ (टोकदार कानांची, परीसारखी) नेऊन दाखवली. काका चष्मा वर करून म्हणाले, "एवढ्या लहान तोंडाला बुबुळ गोल नको करू, उभी रेघ मार, वरच्या पापणीला चिकटलेली. गोल केलं की घाबरल्यासारखी दिसेल." खरंच तसंच असतं! खोबणीत आधी गडद तपकिरी भरायचा, त्यात पांढरा नाही तर किंचित मळका पांढरा, मग ती उभी रेघ, आणि शेवटी वरखाली कातडीच्या रंगाने डोळा छाटून लहान करायचा. डोळा रंगवायचा कमी आणि छाटायचा जास्त. शुद्ध पांढरा वापरला की ते तोंड टेबलाच्या त्या टोकापासून आपल्याकडे टक लावून बघतं.

कातडीचा रंग हा अजून एक विषय. फॅन्टसी रंगांच्या सेटमध्ये कातडी म्हणून जी बाटली येते ती गुलाबी असते, आणि आम्ही सुरुवातीला सगळे हिरो गुलाबीच रंगवायचो, कुणाला प्रश्न पडला नाही. मग अजिंठ्याला गेलो. जळगावहून पहूर, फर्दापूर, साठेक किलोमीटर, शाळेच्या सहलीत सगळ्यांनी बघितलेलं असतं पण तेव्हा लक्ष डब्याकडे असतं. आता ब्रश हातात धरायला लागल्यावर गेलात तर वेगळंच दिसतं. भिंतीवर आधी माती, भुसा, काड्या कालवून लिंपण, त्यावर चुन्याचा पातळ हात, म्हणजे प्रायमर, त्यावर गेरूने आखणी आणि मग रंग. रंग तरी किती, गेरू, पिवळी माती, काजळी, चुना, हिरवी माती आणि बाहेरून आलेला लाजवर्दी निळा, एवढ्यावर सगळं. आणि माणसं सावळी, काळी, गव्हाळ, पिवळसर, एकाच भिंतीवर सगळी, नाकाच्या दांडीवर आणि हनुवटीवर उजळ फटकारा मारून उठाव दिलेला. आपण ज्याला हायलाइट म्हणतो तोच, आणि बघणाऱ्याला तो अंधाऱ्या लेणीत लांबून दिसावा म्हणून चांगला ठसठशीत.

तेव्हापासून माझी कातडीची रेसिपी बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि कणभर अल्ट्रामरीन, सावलीला बर्न्ट अंबर वाढवायचं, उजेडाला ऑकर आणि थोडा पांढरा. नुसता पांढरा घालून उजळायला जाऊ नका, सावळी कातडी राखाडी पडते आणि माणूस आजारी दिसतो, ऑकर पाहिजेच. माझा पॅलाडिन (खेळातला धर्मवीर योद्धा) आता सरळ आमच्या अमळनेरच्या मामांसारखा दिसतो, मिशीसकट.

बेससाठी पैसे घालवणाऱ्यांची मला कीव येते. भेगाळलेल्या जमिनीचा इफेक्ट देणारा रंग बाहेरून मागवतात लोक, आणि राहतात कुठे तर काळ्या कापसाच्या जमिनीवर! बांधावरची मूठभर काळी माती आणा, वस्त्रगाळ करा, पाणी आणि अगदी थोडा फेविकॉल घालून बेसवर थापा. उन्हात ठेवली की तासाभरात भेगा. थर पातळ तर भेगा बारीक आणि जवळजवळ, थर जाड तर मोठ्या आणि लांब लांब, म्हणून एवढ्याशा मूर्तीला थर पातळच पाहिजे नाहीतर गॉब्लिन विहिरीच्या काठावर उभा वाटतो. फेविकॉल जास्त झाला तर भेगाच पडत नाहीत. वाळल्यावर वरून पाणी घातलेला फेविकॉल थेंबाथेंबाने सोडायचा, म्हणजे ढलप्या निघत नाहीत. वाळू गिरणेची, चहाच्या गाळणीने चाळलेली (आईची गाळणी नाही, वेगळी आणा, सांगून ठेवतो). गवताला केळीच्या खोडाचे वाळलेले धागे, रावेर-यावलकडे ज्याची बाग आहे त्याला सांगा, पिशवीभर देईल आणि पिशवीभर म्हणजे जन्मभर. जादूच्या धुराला कापूस, त्याचं तर काय सांगायचं.

थ्रीडी प्रिंटवाल्यांना एकच सूचना. रेझिनचं प्रिंट बारीक येतं पण कच्चं रेझिन अंगाला लावून घेऊ नका, हातमोजे आणि उघडी खिडकी. आणि ज्यांच्याकडे तारेवाला प्रिंटर आहे ते पीएलए नावाचं प्लास्टिक वापरतात, पीएलए साठेक डिग्रीला मऊ पडतं, आणि मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत डॅशबोर्डवर तेवढं सहज होतं. तुमचा ट्रोल राक्षस भुसावळला मित्राकडे न्यायचा असेल तर थर्मासच्या पिशवीत न्या, नाहीतर तिथे पोचेपर्यंत त्याने मान टाकलेली असेल. उलट वाकडी झालेली तलवार सरळ करायची तर हेच कामाला येतं, गरम पाण्यात बुडवा, सरळ धरा आणि तशीच गार पाण्यात घाला, आणि उन्हाळ्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी असतंच निम्मं तापलेलं, गॅस वाचतो.

फोटो काढायचं राहिलंच. आपल्या चाळीसगावात केकी मूस होऊन गेले (१९१२ ते १९८९), स्टेशनजवळच्या बंगल्यात वर्षानुवर्षं घराबाहेर न पडता राहिले, आणि टेबलटॉप फोटोग्राफीत त्यांचं मोठं नाव, म्हणजे टेबलावर घरातल्याच वस्तूंचा छोटासा देखावा मांडायचा आणि असा फोटो काढायचा की बघणाऱ्याला तो खरा डोंगर, खरी वाट वाटावी. आता तिथे संग्रहालय आहे. हे आमचं पूर्वज खातं समजा, आणि आमच्यातल्या निम्म्या पोरांना ते माहीतच नाही, इन्स्टावर परदेशी लोकांचे डायोरामा बघून वेडे होतात. कॅमेरा मूर्तीच्या डोळ्याच्या उंचीला आणा, वरून काढू नका, वरून काढली की ती खेळणं दिसते. उजेड एका बाजूने, दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा, मागे मळकट निळा कागद. एवढं केलं तरी बास.

आणि हो, या मूर्ती खेळायला असतात, हे रंगवणारे बऱ्याचदा विसरतात, मला अशी माणसं माहितीयेत ज्यांनी एकदाही फासा टाकलेला नाही. आमचा मात्र खेळ चालतो, रविवारी, धुळ्याचा मित्र येतो तो गेम चालवतो. त्याचे गॉब्लिन अहिराणी बोलतात. गुहेच्या तोंडाशी उभं राहून "आठे कसाले उनात रे?" (इथे कशाला आलात रे?) म्हणतात आणि आत जायचे पैसे मागतात, आमचा पॅलाडिन त्यांच्याशी घासाघीस करतो, एल्फ पुणेरी बोलतात आणि सगळ्यांना नियम सांगतात. तीन तास हसण्यात जातात, लढाई अर्धा तास.

मोठा लाल ड्रॅगन अजून माझ्याकडे काळ्या प्रायमरवरच उभा आहे, पंख एवढे मोठे की कूलर लावूनही एका पंखाचं ब्लेंडिंग, म्हणजे ओले रंग एकमेकांत मिसळणं, पुरं होईपर्यंत पहिली कड वाळलेली असते, त्यामुळे तो आता दिवाळीनंतर. तोवर त्याच्या जागी टेबलावर केळी वेफर्सचं मोठं पाकीट ठेवतो. गेल्या लढाईत त्याचे दोनशेतले साठ हिट पॉइंट (म्हणजे खेळातला जीव) शिल्लक होते तेव्हाच कुणीतरी पाकीट फोडलं, आणि आमच्या मित्राने ड्रॅगन मेला असं जाहीर करून टाकलं.